खापर, चिठ्ठी आणि बोली : डेक्कन कॉलेजचा सार्वजनिक संसार

अनेक विद्याशाखा एकाच छपराखाली नांदवणाऱ्या संशोधन संस्थेविषयी समाजाच्या मनात आदर असतो, पण त्या आदरात एक दुरावाही मिसळलेला असतो. रुग्णालय काय करते, न्यायालय काय करते, धरण कशासाठी बांधतात हे कोणालाही सांगावे लागत नाही; परंतु मातीची भांडी जोडणारे, जुन्या पोथ्यांतील शब्द टिपून घेणारे आणि खेड्यापाड्यांतील बोलणे ध्वनिमुद्रित करणारे लोक सरकारी अनुदानावर नेमके कोणते काम करतात, हा प्रश्न उघडपणे विचारला गेला नाही तरी तो मनात असतोच. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी पुण्याच्या येरवडा भागातील डेक्कन कॉलेज पदव्युत्तर व संशोधन संस्थेइतके चांगले उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. गंमत अशी की खुद्द पुण्यातही ही संस्था नावामुळे झाकोळली गेली आहे, कारण पुणेकराच्या तोंडी ‘डेक्कन’ म्हणजे डेक्कन जिमखाना, आणि ‘डेक्कन’ हे नाव मिरवणारी डेक्कन एज्युकेशन सोसायटी ही तर आणखी वेगळीच संस्था.

या संस्थेचा उगम पेशवाईच्या अस्तानंतरच्या काळात आहे. पेशव्यांच्या राजवटीत श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा होती. कंपनी सरकारने ती एकाएकी मोडली नाही, तर तिच्या निधीतील काही भाग वळवून, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना, ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबाग वाड्यात एक पाठशाळा उघडली. हिंदू कॉलेज किंवा पूना संस्कृत कॉलेज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पाठशाळेत शास्त्री पारंपरिक विषय शिकवीत, आणि आरंभी तिचे दार ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरतेच उघडे होते, ही गोष्ट तिच्या गौरवगाथेत अनेकदा राहून जाते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात ज्यांचा मोठा वाटा होता ते थॉमस कँडी पुढे या पाठशाळेचे प्रमुख झाले, म्हणजे कोशरचनेशी या संस्थेचे नाते आजचे नाही. १८५१ मध्ये पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज निर्माण झाले, १८६४ मध्ये त्याचे नाव डेक्कन कॉलेज झाले, आणि जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीच्या आधाराने येरवड्यात उभारलेल्या गॉथिक शैलीतील दगडी इमारतीत ते १८६८ मध्ये गेले. टिळक आणि आगरकर यांची गाठ याच कॉलेजात पडली. विष्णुशास्त्री चिपळूणकर, इतिहासाचार्य राजवाडे, सेनापती बापट येथेच शिकले, आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर येथे संस्कृतचे प्राध्यापक होते.

इतका वारसा असूनही १९३४ मध्ये मुंबई सरकारने हे कॉलेज बंद केले. पैशाची चणचण होती, आणि शहरात इतर महाविद्यालये असताना हे एक चालवण्याची गरज सरकारला वाटेनाशी झाली होती. येथे पहिल्यांदा दिसले की अशा संस्थेची मालकी कागदावर कोणाचीही असली तरी तिच्यावर हक्क सांगणारे लोक वेगळेच असतात: माजी विद्यार्थी न्यायालयात गेले, देणगी ज्या हेतूने दिली गेली तो हेतू सरकारला गुंडाळून ठेवता येणार नाही असा त्यांचा आग्रह होता, आणि या लढ्याच्या शेवटी १७ ऑगस्ट १९३९ रोजी संस्था पुन्हा उघडली. मात्र उघडली ती जुने कॉलेज म्हणून नव्हे. पदवीपूर्व वर्ग आता राहिले नाहीत. पदव्युत्तर अध्यापन आणि संशोधन एवढाच तिचा उद्देश ठरला.

ही पुनर्रचना पाहता बंद होणे हे एका अर्थाने संस्थेच्या पथ्यावरच पडले, असे म्हणता येईल. पहिल्या काही वर्षांत येथे जे अध्यापक जमले त्यांची नावे पाहिली तरी हे ध्यानात येते: प्राचीन भारतीय इतिहास व पुरातत्त्वासाठी हसमुख धीरजलाल सांकलिया, समाजशास्त्र व मानवशास्त्रासाठी इरावती कर्वे, भाषाशास्त्रासाठी सुमित्र मंगेश कत्रे, मराठ्यांच्या इतिहासासाठी त्र्यंबक शंकर शेजवलकर. शेजवलकरांचा पानिपतच्या १७६१ च्या युद्धावरील ग्रंथ संस्थेनेच १९४६ मध्ये प्रसिद्ध केला. ही मंडळी वेगवेगळ्या वळणांची होती, आणि त्यांचे एकमेकांशी पटतच असे असे मानण्याचे कारण नाही. पण एकाच आवारात त्यांचे खोलीला खोली लागून बसणे निर्णायक ठरले. बहुविद्याशाखीय या जड शब्दाचा खरा अर्थ माहितीपत्रकात विभागांची यादी लांब असणे हा नसून, एका विषयाचा प्रश्न दुसऱ्या विषयाच्या माणसाच्या टेबलावर जाऊन पडणे हा आहे.

याचा पहिला ठळक दाखला गुजरातेतील लांघणज या स्थळाचा. मेहसाणा जिल्ह्यातील या गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर सांकलियांना सूक्ष्मास्त्रे, म्हणजे बोटाच्या पेराएवढी किंवा त्याहून लहान दगडी हत्यारे, सापडली होती, आणि पुढे उत्खननात पाय दुमडून पुरलेले मानवी सांगाडे मिळाले. हत्यारे पुरातत्त्वज्ञाला वाचता येतात, पण हाडांचे काय? इरावतीबाईंनी बर्लिनला मानवी कवटीच्या असममितीवर पीएच.डी. केली होती, त्यामुळे सांगाड्यांचा अभ्यास करण्यासाठी दुसऱ्या शहरात पत्र धाडावे लागले नाही. दोघांनी मिळून लिहिलेला अहवाल १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो त्या बाईंनी गुजरातच्या उन्हात सांगाडे मोजले होते, हे त्यांच्या पुष्कळ वाचकांना ठाऊकही नसेल.

पुरातत्त्वातील संस्थेचे सर्वांत मोठे काम मात्र महाराष्ट्राच्याच मातीत झाले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सातवाहनांपूर्वीच्या महाराष्ट्राविषयी सांगण्यासारखे फार थोडे होते. लेणी, नाणी आणि शिलालेख यांच्या मागे जवळपास अंधार होता. प्रवरेच्या काठी संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये झालेल्या उत्खननाने तो प्रथम फिटला. तेथे लाल रंगावर काळ्या रेघांनी नक्षी काढलेली, उत्तम भाजलेली, टिचकी मारली तर धातूसारखी खणखणणारी आणि बऱ्याचदा तोटी असलेली भांडी मिळाली, आणि त्या गावाच्या नावावरूनच एका संपूर्ण संस्कृतीला जोर्वे संस्कृती हे नाव पडले. पाठोपाठ नाशिक आणि नेवासे येथे खणती झाली. ज्ञानेश्वरीमुळे मराठी माणसाच्या परिचयाचे असलेले नेवासे त्याहून कितीतरी जुन्या वस्तीवर उभे आहे, ही गोष्ट तेव्हा उघड झाली. या काळाला ताम्रपाषाणयुग म्हणतात, कारण लोक तांबे वापरू लागले होते, पण ते दुर्मीळ असल्यामुळे दगडाची पातीही हातातून सुटली नव्हती. लोखंड अजून यायचे होते.

पुण्याच्या पूर्वेस शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगावचे उत्खनन १९६८ ते १९८३ या काळात अनेक हंगाम चालले, आणि त्याच्याइतके बारकाईने खणलेले ताम्रपाषाणयुगीन गाव भारतात क्वचितच असेल. सांकलिया, मधुकर केशव ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी येथे एक वेगळी पद्धत अवलंबिली. उभा खड्डा खणून थरांचा क्रम तेवढा नोंदवायचा, ही तोवरची सवय होती. कालक्रम कळायला ती पुरेशी असते, पण लोक कसे राहत होते हे तीतून कळत नाही. इनामगावला आडवे खणले गेले, म्हणजे एकाच काळाचा थर विस्तृत जागेवर उघडा केला गेला, आणि १३० हून अधिक घरांच्या जमिनी, चुली, धान्याच्या कणगीच्या जागा, अंगणे अशी वस्तीच्या वस्ती समोर आली. सुमारे इ.स.पू. १६०० ते ७०० या नऊशे वर्षांत तेथे पिढ्यानपिढ्या लोक राहिले. नदीच्या पुराचे पाणी वळवण्यासाठी त्यांनी बांध घालून पाट काढला होता. बार्ली, गहू, मसूर यांचे जळलेले दाणे मिळाले. मूल दगावले तर दोन मडक्यांची तोंडे एकमेकांना लावून त्यांत त्याला घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठ्या माणसाला पुरताना घोट्याखालचे पाऊल कापून टाकत. पाऊल का कापत, याचा लेखी पुरावा अर्थातच नाही. मृताने उठून जाऊ नये किंवा भूत होऊन भटकू नये म्हणून, असा तर्क मांडला गेला आहे, आणि तो तर्क आहे हे विसरता कामा नये. एका मोठ्या, पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पाय असलेला मातीचा रांजण सापडला व त्यात बसल्या स्थितीत पुरलेला माणूस होता. शेजारीच धान्यकोठार असल्याने तो वस्तीचा प्रमुख असावा असे उत्खनकांचे मत झाले.

हे सारे एकट्या पुरातत्त्वज्ञाच्या हाताने झाले नाही. जळलेले दाणे ओळखण्यासाठी वनस्पतींचा अभ्यासक लागतो, हाडे कोणत्या जनावराची हे सांगायला प्राणिशास्त्र जाणणारा, मानवी दात पाहून बालपणी कुपोषण झाले होते का हे सांगायला शारीरिक मानवशास्त्रज्ञ, मातीच्या थरांवरून नदीचे वागणे ओळखायला भूशास्त्रज्ञ, आणि कोळशावरून वय काढायला किरणोत्सर्गी कार्बनची चाचणी करणारी प्रयोगशाळा. सजीवाच्या शरीरातील किरणोत्सर्गी कार्बन मृत्यूनंतर ठरावीक वेगाने कमी होत जातो, आणि उरलेल्या प्रमाणावरून त्याचे वय मोजता येते, हे या चाचणीचे तत्त्व. डेक्कन कॉलेजात यांतील अनेक कामांच्या प्रयोगशाळा पुरातत्त्व विभागातच उभ्या राहिल्या, ज्या भारतीय विद्यापीठांत तेव्हा सहसा आढळत नसत. इनामगावच्या अखेरच्या काळात, इ.स.पू. १००० नंतर, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, भांड्यांचा दर्जा उतरतो, आणि शेतीपेक्षा पशुपालनावर भर वाढतो. हवामान कोरडे होत गेल्यामुळे हे गाव गरीब झाले, असे ढवळीकरांचे प्रतिपादन. सगळ्यांना ते मान्य नसेलही, पण दुष्काळाने शेतकरी भटका होणे ही महाराष्ट्राला परकी वाटणारी गोष्ट नव्हे, आणि ती तीन हजार वर्षांपूर्वीच्या घराच्या आकारातून वाचता येते, ही या शास्त्राची करामत आहे.

खणती दृष्टीस पडते, छायाचित्रे निघतात, बातमी होते. संस्थेचे दुसरे मोठे काम इतके नीरव आहे की ते चालू आहे हेही शेजाऱ्याला कळू नये. १९४८ मध्ये कत्रे यांनी संस्कृतचा ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेला महाकोश सुरू केला. ऐतिहासिक तत्त्व म्हणजे शब्दाचा आजचा किंवा रूढ अर्थ आधी न देता, तो शब्द प्रथम कोठे आढळतो, तेव्हा त्याचा अर्थ काय, पुढे कोणत्या ग्रंथात तो कसा बदलला, हे कालक्रमाने आणि अवतरणांसह दाखवणे. ‘असुर’ हा शब्द पाहावा. ऋग्वेदाच्या जुन्या भागात तो वरुणासारख्या देवालाही सामर्थ्यवान या अर्थाने लावला जातो, आणि पुढे तोच देवांच्या शत्रूचे नाव होतो; नेहमीचा कोश ‘राक्षस’ एवढे सांगून मोकळा होईल, ऐतिहासिक कोशाला मात्र मधला सारा प्रवास दाखवावा लागतो. त्यासाठी ऋग्वेदापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचे सुमारे १५०० संस्कृत ग्रंथ वाचून प्रत्येक महत्त्वाच्या शब्दप्रयोगाची चिठ्ठी तयार करण्यात आली. वेद, व्याकरण, न्याय, वैद्यक, ज्योतिष, वास्तुविद्या, हत्ती-घोड्यांची शास्त्रे, काही सोडले नाही. अशा चिठ्ठ्यांची संख्या कोटीच्या घरात गेली, आणि लोखंडी कपाटांच्या खणांत वर्णानुक्रमाने लावलेला तो संग्रह हीच आता एक स्वतंत्र संपत्ती आहे. केवळ हे वाचन आणि टिपण जवळजवळ पाव शतक चालले. कोशाचा पहिला भाग अमृत माधव घाटगे यांच्या संपादनाखाली १९७६ मध्ये निघाला. त्यानंतर अनेक खंड आले आहेत, पण आजही कोश पहिल्याच वर्णात, ‘अ’ मध्ये, आहे.

ही गोष्ट ऐकून हसू येणे स्वाभाविक आहे, आणि येणाऱ्याला येऊ द्यावे. तरीही काही गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. संस्कृतमध्ये ‘अ’ हा नकारार्थी उपसर्गही असल्यामुळे या एका वर्णाखाली भाषेतील शब्दांचा प्रचंड मोठा साठा येतो. शिवाय चिठ्ठ्यांतील अवतरणे पुन्हा मूळ ग्रंथाशी ताडून, अर्थांची उतरंड लावून लेख लिहिणे हे हातांच्या संख्येवर अवलंबून आहे, आणि संस्कृत, भाषाशास्त्र व कोशरचना तिन्ही जाणणारे तरुण मिळणे दिवसेंदिवस अवघड होत आहे. खरा दोष वेगाचा नाही. शंभर वर्षांच्या कामाला पाच-पाच वर्षांच्या अनुदानावर चालवणे, मग मध्येच पदे रिकामी ठेवणे, आणि शेवटी विलंबाबद्दल विद्वानांना बोल लावणे, हा राज्यकर्त्यांचा आणि समाजाचा दोष आहे. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशालाही आराखड्यापासून पूर्णत्वाला पोचायला सत्तर वर्षे लागली होती, आणि त्याला सांभाळायची होती ती संस्कृतच्या तुलनेत बरीच तरुण भाषा.

बोलींच्या अभ्यासात संस्थेने समाजाशी अधिक थेट बोलणे केले. १९५५ पासून येथे रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने भाषाशास्त्राच्या उन्हाळी शाळा भरल्या, आणि आधुनिक वर्णनात्मक भाषाशास्त्र, म्हणजे भाषा कशी असावी हे न सांगता ती कशी बोलली जाते याची नोंद करणारे शास्त्र, त्या शाळांमधून देशभर पसरले. घाटगे यांनी मराठी-कोकणीच्या बोलींची मालिका साठच्या दशकात तयार केली, तिच्यात कुडाळीपासून वारलीपर्यंत आणि थेट कोचीनपर्यंतचे बोलणे आले. ती महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रकाशित केली. अलीकडे राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने संस्थेने महाराष्ट्रातील बोलींचे नव्याने सर्वेक्षण केले असून, गावोगावच्या स्त्रीपुरुषांचे ध्वनिमुद्रण लिखित रूपासह सर्वांना विनामूल्य ऐकता येईल असे ठेवले आहे. ‘काय करून राहिला’ म्हणणारा वऱ्हाडी आणि ‘मी जातो’ म्हणणारी दक्षिण महाराष्ट्रातील स्त्री यांचे बोलणे चूक नसून तेही मराठीचेच नियमबद्ध रूप आहे, हे वर्गात शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने ऐकून घ्यावे असे ते ध्वनिमुद्रण आहे.

समाजाशी असेच थेट नाते मानवशास्त्राच्या कामातही दिसते. इरावतीबाईंनी जाई निंबकर यांच्यासह कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी केली व तिचा अहवाल डेक्कन कॉलेजने १९६९ मध्ये छापला. धरणग्रस्त हा शब्द वर्तमानपत्रांत रुळण्यापूर्वीच्या काळात विस्थापित कुटुंबांची नवी घरे, जमिनी, उपजीविका आणि तुटलेली सोयरगत यांचा हिशेब एका विद्यासंस्थेने मांडला, याला सार्वजनिक कार्य म्हणायचे नाही तर कशाला? तेही घोषणा न देता.

सार्वजनिक भूमिकेचा एक धोकाही असतो, आणि संस्थेच्या इतिहासात तो दोनदा ठळक दिसतो. सांकलियांनी रामायणातील लंका आजच्या श्रीलंकेत नसून मध्य भारतात असावी, असे मत सत्तरच्या दशकात मांडले, तेव्हा विद्वानांपेक्षा भाविकांत आणि वृत्तपत्रांत अधिक खळबळ झाली. दुसरे उदाहरण हरियाणातील राखीगढीचे. वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने तेथील हडप्पाकालीन दफनभूमी खणली, आणि २०१९ मध्ये एका स्त्रीच्या सांगाड्यातून मिळालेल्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. साठाहून अधिक नमुन्यांतून उपयोगी पडला तो हा एकच, कारण उष्ण हवामानात प्राचीन जनुके फार लवकर नष्ट होतात. या स्त्रीत युरेशियाच्या गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा वंशांश नव्हता, एवढे शोधनिबंध सांगतो. आर्य बाहेरून आले की नाही या वादाचा एका घावात निकाल लागल्याच्या थाटात जी चर्चा नंतर रंगली, तिला मात्र तो आधार पुरत नाही. त्याच वेळी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या व्यापक अभ्यासाने तो वंशांश नंतरच्या काळात भारतीय उपखंडात आल्याचे दाखवले होते. पुरावा आणि त्यावरचा दावा यांतील अंतर लोकांना समजावून सांगणे, हे उत्खननाइतकेच अशा संस्थेचे कर्तव्य आहे, आणि ते नेहमी पार पडते असे म्हणवत नाही.

१९९० मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठाशी संलग्न न राहता स्वतःचे अभ्यासक्रम आखून स्वतःची पदवी देण्याचा अधिकार मिळाला. आज पुरातत्त्व, भाषाशास्त्र आणि संस्कृत व कोशविज्ञान यांचे पदव्युत्तर व पीएच.डी.चे शिक्षण तेथे मिळते, आणि देशातील अनेक विद्यापीठांत, संग्रहालयांत व पुरातत्त्व खात्यांत तेथे घडलेले लोक काम करतात. पुरातत्त्वाच्या आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या संग्रहालयांत उत्खननातील वस्तू व ऐतिहासिक कागदपत्रे जपलेली आहेत. इतिहास पाठ्यपुस्तकातून शिकणाऱ्या मुलांना एकदा तरी जोर्व्याच्या भांड्यासमोर उभे करावे.

या सगळ्या कामात सामान्य वाचकाचा वाटा केवळ करदात्याचा नाही. महाराष्ट्रातील अनेक प्राचीन स्थळे गावाच्या कडेला ‘पांढरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडांत आहेत. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची, हा भेद खेड्यात अजून माहीत आहे, आणि शतकानुशतकांच्या राखेने, शेणामातीने व पडलेल्या भिंतींनीच ती माती पांढरी झालेली असते. भिंती लिंपायला, शेतात टाकायला आणि वीटभट्टीला ती ट्रॅक्टरने वाहून नेली जात आहे, व तिच्याबरोबर इनामगावसारखी गावेही जात आहेत. तेव्हा अशा टेकाडावर रंगीत रेघांची खापरे, दगडी पाती किंवा मडक्यात पुरलेली हाडे दिसली, तर ती घरी न नेता आणि जागची न हलवता, गावाचे नाव व जागा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा येरवड्याच्या या संस्थेला कळवावी, आणि कोणी येऊन पाहीपर्यंत तेथली माती उचलू देऊ नये.